खालच्यांना त्रास नको

जपानमधल्या साकाई शहरातल्या आमच्या जुन्या वसाहतीत मजल्यांच्या जमिनी पातळ, वरचं सगळं खाली ऐकू जातं, म्हणून माणसं जपून वावरतात. मी तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते, घरीच कपडे शिवते. एप्रिलमध्ये खालच्या मजल्यावर बायकोसोबत राहणारे निशिवाकीकाका बिस्किटांचा डबा घेऊन दारात आले.

"इत्सुकोबाई, राग मानू नका. फुमिएला हल्ली चमचा पडला तरी डोक्यात कळ जाते. मशीन जरा हळू चालवाल का?"

मलाच लाज वाटली. त्याच दिवशी मशीनखाली जाड रबर घातलं, खुर्च्यांच्या पायांना लोकरी मोजे चढवले, बिजागऱ्यांना तेल दिलं. नळ बारीक सोडून भांडी घासू लागले.

काका जिन्यात भेटले की मी विचारायची, "अजून काय ऐकू येतं?" काकांनी चाळीस वर्षं पियानो सुरात लावले होते, त्यांचा कान चुकत नसे.

"कात्री टेबलावर ठेवता तेवढंच," ते ओशाळून म्हणाले. मी टेबलावर घोंगडी अंथरली.

जूनमध्ये ते म्हणाले, "तुमचं आता काहीच ऐकू येत नाही. फक्त त्यांची पावलं."

"कोणाची?"

"तुमच्याकडे राहतात त्यांची. तुम्ही शिवायला बसलात की मागे फेऱ्या मारतात. टाच जरा आपटतात."

"काका, माझ्याकडे कोणीच राहत नाही."

त्यांनी घाईने माफी मागितली. पण मला सोक्षमोक्ष लावायचाच होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला मी त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं. "मी येईपर्यंत हलायचं नाही, मानही वळवायची नाही," असं बजावून खाली गेले.

फुमिएबाई डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून पडल्या होत्या. मी त्यांच्याशेजारी बसले. आधी काहीच नव्हतं. मग दारापासून खुर्चीपर्यंत पावलं आली. जड, सावकाश. प्रत्येक टाचेला फुमिएबाईंचा चेहरा आक्रसत होता.

"थांबले ते," त्या पुटपुटल्या.

मी धावत वर गेले. काका तसेच बसले होते, भिंतीकडे तोंड करून.

"हललो नाही हं," ते म्हणाले. "मघाशी खांद्यावर हात ठेवलात, तेव्हासुद्धा नाही."

मी त्यांना हाताला धरून खाली पोचवलं.

घर सोडायचं मनात आलं. पण फुमिएबाईंचा तो चेहरा डोळ्यांपुढून हलेना. मी गेले तरी पावलं इथेच राहिली असती.

मी जाड लोकरी तळव्याच्या सपाता शिवल्या, पुरुषाच्या मापाच्या. पाहुण्यासाठी ठेवतात तशा उंबऱ्याच्या आत मांडल्या आणि रिकाम्या खोलीपुढे कमरेत वाकले.

"खाली आजारी माणूस आहे. कृपा करून या घाला."

आठवड्याने काका जिन्यात भेटले. डोळे भरून आले होते त्यांचे. "काल फुमिए दुपारभर झोपली. वरून काही म्हणजे काही ऐकू आलं नाही."

मला फार बरं वाटलं.

सपाता तेव्हा उंबऱ्याशी नव्हत्या. आज सकाळी डोळे उघडले तेव्हा दिसल्या. माझ्या उशाशी, टोकं माझ्याकडे करून. आत हात घातला. ऊब होती.