मोरीपलीकडचा टोला

चार दिवस आभाळ ओतत होतं, आणि कुळमणी बेहेरा आपलं नेहमीचं काम करत होता. तालचेरकडच्या एका उघड्या कोळसा खाणीतून वर चढणारा डंपरचा रस्ता ग्रेडरनं घासून सारखा ठेवायचा आणि त्यावरचं पाणी उताराकडे काढून द्यायचं. रस्त्याच्या कडेला मातीचा बांध, बांधात जागोजागी मोऱ्या. सहाव्या वळणावरची मोरी पाण्यानं इतकी खाल्ली होती, की डंपरचं अख्खं चाक आत गेलं असतं. कुळमणीनं वरच्या अंगाला नवी मोरी पाडली. आता जुनी बुजवली की सुटलो, असं तो मनात म्हणाला.

बुजवण्याची एक रीत आहे. बांधापलीकडे फावडं घेऊन मोरीचं तोंड साफ करणारा माणूस ग्रेडरवाल्याला दिसत नाही. म्हणून आधी भोंगा द्यायचा, इंजिनाचा आवाज उतरवायचा आणि कान द्यायचा. पलीकडचा माणूस मोरीत बसवलेल्या लोखंडी नळावर फावडं ठोकतो. दोन टोले म्हणजे मी बाजूला झालो, ढकल माती. एक टोला म्हणजे थांब.

गेल्या श्रावणात याच वळणावरची मोरी बुजवताना बांधापलीकडे घासिराम देहुरी होता. कुळमणीला एकच टोला ऐकू आला होता, आणि तरी त्यानं माती ढकलली. खाली डंपर खोळंबलेले, साहेब शिव्या घालतायत... त्याला वाटलं, होईल बाजूला! घासिराम तिसऱ्या दिवशी खालच्या डोहात पंपाच्या जाळीला लागला. चौकशीत कुळमणी म्हणाला, "दोन ऐकले." झालं, मेलेल्याच्याच माथी चूक मारली. घासिरामची बायको दाराशी उभी राहून सगळं ऐकत होती. खोटं पचलं, पण कुळमणीच्या जिवाला लागलेला घोर काही सुटला नाही.

दुपारचे चार वाजले असतील. उजेड मात्र दिवेलागणीचा. वॉकीटॉकी खरखरली.

"बापा, भरून निघाले बरं का. रस्ता झाला का तुझा, की बसलायस विडी ओढत?"

ही सुकांती, कुळमणीची एकुलती एक लेक. साठ टनी डंपर चालवायची.

"ये, ये. एवढी मोरी बुजवतो."

आज बांधापलीकडे कुणीच नव्हतं. असल्या पावसात तिकडे माणूस उतरवत नाहीत. तरी सवयीनं त्यानं भोंगा दिला, इंजिन उतरवलं.

टण्.

एकच. पाण्यानं एखादा दगड आपटला असेल... त्यानं पुन्हा भोंगा दिला.

टण्.

ओल्या कोळशाच्या वासात आता कुजक्या गाळाचा वास मिसळला होता. त्याचा हात पुढे जाईना. दुसऱ्यांदा हे पाप त्याच्यानं होणार नव्हतं. आणि मोरी उघडी ठेवून लेकीला वर घ्यायचं तरी कसं?

"सुकांती, आहेस तिथं थांब! वर येऊ नकोस."

"आता? चढावर, डोहाच्या तोंडाशी उभी आहे मी! बरं बाबा, थांबले." जरा वेळानं ती म्हणाली, "हा कुणाला पाठवलास? पार भिजलाय बिचारा. शिडी चढतोय."

"दार उघडू नकोस!"

"अरे... बसला पण."

कुळमणी धावत, घसरत खाली आला. डंपर चढावर उभा होता, मागे डोहाचं काळं पाणी. उंच काचेआड सुकांती ताठ बसली होती. शेजारी काय आहे, ते पावसात दिसत नव्हतं. तिचा आवाज वॉकीटॉकीवर आला, अगदी हळू.

"बापा... तो विचारतोय... त्या दिवशी किती टोले ऐकलेस?"

वर्षभर घोटलेलं उत्तर कुळमणीच्या तोंडून आपसूक गेलं, "दोन."

ब्रेकची हवा सुस्कारून सुटली. भरलेला डंपर मागे सरकला. हातभर... मग चाकाचा अर्धा फेरा...

"बापा! ब्रेक लागत नाही रे!"

"एक!" कुळमणी वॉकीटॉकीत किंचाळला. "एकच ऐकला होता! ऐकून ढकललं मी! घासी, माझी पोर सोड रे..."

डंपर थांबला. मागचं चाक काठावर होतं. खाणीतल्या यच्चयावत वॉकीटॉकीवर ते शब्द गेले होते.

सुकांती शिडीवरून कशीबशी उतरली आणि बापाकडे न बघता त्याच्या बाजूनं निघून गेली. त्यानं हाक मारली. ती वळली नाही.

कुळमणी शिडी चढून आत डोकावला. शेजारची सीट रिकामी होती, कोरडी होती. त्या सीटचा पट्टा मात्र लावलेला होता. तो सीटला टेकलेला नव्हता. वीतभर पुढे, हवेत ताणलेला, हळूहळू वर होत होता आणि खाली होत होता.