आईच्या मशीनचा सप्लाय

कॉम्प्युटरचा नवा पॉवर सप्लाय चांगला साडेपाचशे वॉटचा होता, जुना जेमतेम अडीचशेचा. धाकटीनं नवा खोक्यातून काढून टेबलावर ठेवला आणि बाह्या सरसावल्या. दुपारचे तीन वाजले होते. पुढच्या दुकानात दादा प्रिंटरच्या शाईवरून गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होता. मागच्या या खोलीत आईची रिकामी कॉट, भिंतीत मुरलेला औषधांचा वास आणि तिचा कॉम्प्युटर, एवढंच उरलं होतं.

आईची वाचा गेली, तेव्हापासून चार वर्षं तिचं तोंड या मशीननंच चालवलं. उजव्या हाताच्या एका बोटानं ती टाईप करायची, आणि टोमणे मारायला तिला ते एक बोट पुरून उरायचं. काही सांगायचं असलं की आधी स्पेसबार दोनदा दाबायची; मशीनच्या स्पीकरमधून ते दुकानापर्यंत ऐकू जायचं. टक, टक. दुकानातून दादा ओरडायचा, "आलो, आई!"

धाकटी कामासाठी आठवडाभर परगावी गेली आणि नेमकी तेव्हाच आई गेली.

"शेवटचे दोन दिवस मशीनच बंद होतं गं," दादानं सांगितलं होतं. "सप्लाय उडाला. काही बोलता नाही आलं तिला."

पण त्याआधी आपल्यासाठी एखादी ओळ तरी तिनं लिहून ठेवली असेल, या आशेनं धाकटी सहा महिने झुरत होती. दादा म्हणायचा, भंगारात टाक. ती हटूनच बसली, तेव्हा कुठे त्यानं एक जोडवायर स्वतः बनवून तिच्या हातात ठेवली.

"कंपनीच्या मशीनची पिन वेगळी असते. ही मध्ये लाव, रंगाला रंग. डोळे झाकून चालू कर."

डोळे झाकून? रंगावर जाऊ नकोस, मीटर लाव, हे त्यानंच तिच्या डोक्यात वर्षानुवर्षं घुसवलं होतं.

तिनं प्लग काढला. उरलासुरला करंट निघून जावा म्हणून बटण दाबून धरलं आणि दहा आकडे मोजले. अशा वेळी आतला पंखा अर्धा फेरा मारतो आणि थांबतो. हा थांबला नाही. सावकाश फिरतच राहिला. तीसपर्यंत मोजून तिनं नाद सोडला. जुनं मशीन आहे, असतो एकेकाचा हट्ट.

कीबोर्डवर सहा महिन्यांची धूळ होती. स्पेसबार तेवढा लख्ख होता.

तिनं झाकण उघडलं. सप्लायची मोठी पिन बोर्डातून निघालेली होती. तिचा खटका अंगठ्यानं दाबून ओढावं लागतं, आपोआप ती निघत नाही. जुना सप्लाय सोडवून तिनं टेबलावर घेतला, वीज देऊन मीटर लावला. सगळे आकडे जागच्या जागी. सप्लाय ठणठणीत होता.

मग तिनं दादाची जोडवायर तपासली. रंगाला रंग जुळत होता, पण आत दोन तारा उलट्या होत्या. बटण दाबलं असतं तर बोर्ड आणि डिस्क जळून खाक झाले असते, आणि त्यांच्यासोबत आईचं सगळं बोलणं.

वीस वर्षांत दादाच्या हातून तार उलटी लागली नव्हती.

ती कॉटच्या कडेवर बसली. ज्याच्या भरवशावर आपण आईला सोडून गेलो, त्यानंच केसानं गळा कापला. तिला रडूही येईना.

समोर मशीनचं पोट उघडं होतं. आत सप्लाय नव्हता, वीज आणणारी एकही वायर नव्हती.

पंखा फिरत होता.

स्क्रीनचा प्लग वेगळा होता. इतका वेळ त्यावर 'सिग्नल नाही' एवढंच दिसत होतं. ते पुसलं गेलं. एकेक अक्षर, मध्ये दम खात, उमटू लागलं.

दादाने वायर काढली

धाकटी कॉटवरून पुढे वाकली.

सारखी हाक मारते म्हणून

पुढच्या ओळीला बराच वेळ लागला.

दारात उभा आहे आत येत नाही

दुकानातली हुज्जत कधी थांबली, तिला कळलं नव्हतं. तिनं मान वळवली. दारात दादा उभा होता. तिथून त्याला स्क्रीनची पाठ तेवढी दिसत होती.

"झालं का गं चालू?"

"नाही," ती म्हणाली.

"मग सोड. बंदच राहू दे ते."

तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

टक, टक.

"आलो, आई," दादा सवयीनं म्हणाला.

दारातून मात्र तो हलला नाही.