उलटा हातमोजा

दुकानाच्या दोन पायऱ्यांखाली एक व्हीलचेअर उभी होती, आणि तिच्यात बसलेला मुलगा डावा हातमोजा उजव्या हातात घालत होता. स्वरूपाला ते पाहवेना.

"दादा, तो डावा आहे," काउंटरमागून ती म्हणाली.

"ठावं हाय."

"मग उलटा घातलाय तुम्ही. रबर तळहाताकडे हवं."

"माझं वरच लागतं."

महाळुंग्यातल्या कंपन्यांत लागणारी नवी मुलं हेल्मेट, बूट, हातमोजे घ्यायला हिंदुरावांच्या दुकानात येत, आणि चार वर्षं स्वरूपा, त्यांची मुलगी, त्या सगळ्यांना हातमोजा कसा घालायचा ते शिकवत आली होती. ती पायऱ्या उतरली, त्याच्या हातातला मोजा काढला आणि बरोबर जोडीचा, सरळ घातला. त्यानं निमूटपणे घालू दिला. मग हात चाकावर टेकवून रेटला. हात घसरला, चाक जागचं हललं नाही.

"बोटं मिटलेलीच राहत्यात माझी," तो हसत म्हणाला. "उघडायचा हुकूम त्यांच्यापर्यंत पोचत न्हाई. चाकाला लागते ती बोटांची मागची बाजू. म्हणून रबर वर."

स्वरूपाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "चुकलं माझं," ती म्हणाली.

"न्हाई ओ. सरळ माणसानं सरळच घातला. आता उलटा घालून द्या."

तिनं घालून दिला. या वेळी जरा सावकाश...

त्याचं नाव गोरक्ष. गाव हेच, जमिनीही इथल्याच, आता निम्म्यांवर कंपन्या उभ्या. एकोणिसाव्या वर्षी भर उन्हाळ्यात मित्रांबरोबर विहिरीत सूर मारला. पाणी त्या साली खाली गेलेलं होतं, ते कुणी पाहिलं नव्हतं. मानेचं हाड मोडलं. पाय गेले, हातांतली ताकद निम्म्यावर आली. दोन वर्षं तो छताकडे बघत पडून होता. मग कुणीतरी त्याला व्हीलचेअर रग्बी दाखवली, आणि आता सात वर्षांनी तो महाराष्ट्राच्या संघात होता. सराव पिंपरीच्या एका हॉलमध्ये चाले, आणि एका सरावात हातमोज्यांची एक जोडी फाटे.

त्यामुळे दर आठवड्याला त्याचा थोरला भाऊ दादू टेम्पो दुकानासमोर लावी, खुर्ची उतरवून देई आणि गाडीत जाऊन बसे. पायऱ्या चढणं गोरक्षला शक्य नव्हतं, म्हणून स्वरूपाच खाली उतरे. एक जोडी निवडायला पाच मिनिटं पुरतात. त्यांना पाऊण तास लागे.

एका रविवारी ती खेळ बघायला गेली. तिचं घर पिंपरीतच, संत तुकाराम नगरात, हॉल दहा मिनिटांवर. सहज म्हणून गेले, असं तिनं स्वतःला सांगितलं. तिरप्या चाकांच्या, पुढे लोखंडी पट्टी लावलेल्या खुर्च्या एकमेकींवर अशा आदळत होत्या की आण्णांच्या जुन्या कंपनीतल्या, पत्रा ठोकणाऱ्या प्रेस शॉपची आठवण यावी. आण्णा म्हणजे हिंदुराव. दुकान काढण्याआधी त्यांची नोकरी तिथली. दोन्हीकडे चार-चार खेळाडू. चेंडू मांडीवर घेऊन पलीकडची रेघ ओलांडली की गोल. एकदा गोरक्ष खुर्चीसकट उलटा झाला, तेव्हा तिनं डोळे मिटले. उघडले तर दोघं त्याला उचलत होते, आणि तो खदखदून हसत होता.

"तुम्ही एकही गोल केला नाही," पुढच्या खेपेला ती म्हणाली.

त्यानं समजावून सांगितलं. शरीर किती साथ देतं यावर प्रत्येक खेळाडूला गुण असतात, आणि मैदानावरच्या चौघांची बेरीज ठरलेल्या आकड्याच्या वर जाऊ द्यायची नाही. ज्याचे हात चांगले त्याचे गुण जास्त. गोल तो करतो. गोरक्षचा गुण एकच. त्यानं समोरच्याची वाट अडवायची, म्हणजे गोल करणाऱ्याला रस्ता मोकळा होतो.

"म्हणजे टाळ्या दुसऱ्याला."

"व्हय. आपण फक्त आडवं जायचं."

"ते दिसतंच आहे. तीन महिने आमच्या दुकानाचं दार अडवलंय."

"मग हटवा की," तो म्हणाला, आणि हटला मात्र नाही. तीही हटली नाही...

आण्णांनी हे काउंटरवरून पाहिलं. संध्याकाळी शटर ओढता ओढता ते म्हणाले, "गिऱ्हाइकाला माल द्यावा, स्वरूपा. वेळ देऊ नये." आवाज चढला नाही, पण तिला जेवण गेलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बातमी आली. गोरक्षची भारताच्या संघात निवड झाली होती. आधी शिबिर, मग परदेशात स्पर्धा, दीड महिना. दादूनं पेढा हातावर ठेवत सांगितलं की आता कपडे, बूट, हातमोजे सगळं संघाकडून मिळणार, हातमोजे तर बाहेरचे, खास या खेळासाठी बनवलेले. स्वरूपा मनापासून हसली. त्याच हसण्यात काहीतरी टोचलंही. त्याची निवड व्हावी म्हणून तिनं नवस बोलायचाच काय तो बाकी ठेवला होता. आणि निवड झाली म्हणजे या दुकानात यायचं कारणच संपलं.

परदेशातून तीन मेसेज आले. 'पोचलो.' 'हरलो.' 'जिंकलो.' मग काही नाही.

तो परत आला त्याच्या दुसऱ्याच दिवशी आण्णांनी गवंडी बोलावला आणि पायऱ्यांवर सिमेंटचा उतार करून घेतला. हातगाडीवरचे खोके चढवायला बरं, म्हणाले. वर ओली गोणपाटं टाकली आणि रोज सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं काम स्वरूपाला दिलं. ती झारीनं पाणी घाली आणि रस्त्याकडे बघे. दादूचा टेम्पो दोनदा समोरून गेला. थांबला नाही. दुसऱ्यांदा तर खिडकीतून गोरक्षचा खांदाही दिसला.

पाचव्या दिवशी तिनं पाणी घालता घालता विचारलं, "आण्णा, हातगाडी दोन फुटांची. उतार साडेतीन फुटांचा कशाला?"

"गवंडी चुकला."

"तुम्ही समोर उभे होतात."

"मग मी चुकलो. पाणी घाल."

आठव्या दिवशी, पहिली शिफ्ट सुटायच्या सुमारास, टेम्पो थांबला. आण्णांनी स्वतः गोणपाटं उचलली. गोरक्षनं हातमोजे सावरले, एक दम घेतला आणि उताराला खुर्ची लावली. चाकं तिरपी, खुर्ची रुंद, तरी दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा उरली. तीन रेट्यांत तो वर आला. तीन महिने जे दुकान त्यानं खालून पाहिलं होतं, त्याच्या मधोमध आता त्याची खुर्ची उभी होती.

"आठवडा झाला येऊन," स्वरूपा खोके लावत म्हणाली. त्याच्याकडे न बघता.

"व्हय. पण आण्णांचा हुकूम होता. सिमेंट ओलं हाय, आठ दिवस चाक लावायचं न्हाई, म्हनले. आणि तिला सांगायचंबी न्हाई."

तिच्या हातातला खोका तसाच राहिला. "आण्णा तुमच्याकडे आले होते?"

"मी आलो त्याच दिवशी. टेप घेऊन. खुर्ची मोजली, आमच्या आईच्या हातचा चहा घेतला, आणि गेले."

स्वरूपानं वळून पाहिलं. आण्णा बुटांच्या मांडणीत तोंड खुपसून नंबर लावत होते. लावलेलेच नंबर. "चहा सांगून येतो," असं कुणाला तरी म्हणत ते बाहेर पडले. तिनं हातातला खोका खाली ठेवला.

गोरक्षनं मांडीवरची पिशवी पुढे केली. परदेशी हातमोजे, प्लॅस्टिकसुद्धा न फोडलेले. "हे घेऊन नेहमीचे द्या."

"का? हे चांगले आहेत की."

"लई चांगलेत. पण घालून द्यायला कुणी न्हाई." तो जरा थांबला. "एक विचारू? पयल्या दिवशी तुमी मला दादा म्हनला होता. ह्या दुकानात येणारा प्रत्येक जण दादा. त्यानंतर मला एकदाबी म्हनला न्हाई. मी मोजलंय."

"बघा, चुकून राहून गेलं असेल..."

"मग आता म्हणा."

तिनं काउंटरखालून नेहमीची जोडी काढली, डावा मोजा उजव्या हातात घातला, रबर वर आणलं, आणि मनगटाची पट्टी ओढली.

"न्हाई म्हणत?" तो हळूच म्हणाला.

"नाही," ती म्हणाली. "कधीच नाही म्हणणार."

चहाचा पेला धरावा तसा त्यानं तिचा हात आपल्या दोन्ही तळव्यांत धरला. बाहेर आण्णा तीन चहा घेऊन उताराच्या तोंडाशी आले होते. आत एकवार बघून ते तिथंच थांबले, आणि उतार नीट वाळलाय का, ते पायानं दाबून बघू लागले.