तीन कुलपांची पेटी

पेटी उघडली तेव्हा आत एक पाल होती. बाकी काही नव्हतं.

कोपरखैरण्याच्या समाजमंदिरात तीनेकशे माणसं बसली होती. सगळ्यांनी पाल पाहिली. पालीनेही सगळ्यांना पाहून घेतलं आणि ती टेबलावरून उतरून पक्षाच्या फलकामागे गेली. ‘बऱ्याच वर्षांनी पक्षात कुणीतरी आलं,’ असं मागच्या रांगेतून ऐकू आलं.

शहाजी बर्गे हसले नाहीत. त्यांचा हात अजून पेटीच्या झाकणावरच होता आणि तो उचलायचं त्यांना सुचत नव्हतं.

त्याला कारण होतं. लोकसोबत पक्षाला गेल्या निवडणुकीत या प्रभागात ‘नोटा’पेक्षा कमी मतं पडली होती. म्हणून वरून आदेश आला, लोकांची माफी मागा. पक्षाने माफी मागितली, पण जपून. गावठाणापासून सिडकोच्या वसाहतीपर्यंत फलक लागले, ‘चुकलं असेल तर लिहा’. कार्यालयात पत्र्याची पेटी बसली. तीन आठवडे लोकांनी तक्रारी टाकायच्या, मग रविवारी अकरा वाजता सगळ्यांदेखत पेटी उघडायची.

पहिल्या चार दिवसांत पेटीत एक पत्र पडलं. तेही टाकणाऱ्याने परत मागितलं, चुकून पडलेलं विजेचं बिल होतं.

मग पक्षाला बर्गे आठवले. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात चौतीस वर्षं मापाडी. काट्यावर त्यांनी कधी अंगठा ठेवला नाही, व्यापाऱ्यासाठी नाही आणि शेतकऱ्यासाठीही नाही. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी बाजारात वजनावरून वाद झाला की लोक म्हणत, ‘बर्ग्यांना विचारा.’ पक्षाने त्यांना पेटीचे पालक नेमलं. बर्गे दारोदार फिरले. म्हणाले, “टाका. पेटी उघडेपर्यंत जबाबदार मी.” लोकांनी पक्षाकडे बघून नाही, त्यांच्याकडे बघून पत्रं टाकली.

आता ती माणसं त्यांच्याकडेच बघत होती.

गावठाणातली पुतळा पुढे आली. मासळी विकणारी बाई, आवाज खाडीच्या पलीकडे जाईल असा. पण आज ती हळू बोलली, आणि तेच वाईट होतं.

“दादा, माझी चिठ्ठी तूच लिवलीस ना? मी सांगितली न् तू लिवलीस.”

“लिहिली.”

“तुझ्यासमोर टाकली.”

“टाकलीस.”

“मंग हाय कुठं ती?”

चौतीस वर्षांत त्यांच्या काट्यावर पहिल्यांदाच माल कमी भरला होता.

तेवढ्यात मुंबईहून आलेले पक्षाचे निरीक्षक राजवर्धन त्यांना हाताला धरून मागच्या खोलीत घेऊन गेले. राजवर्धन म्हणजे पांढरा सदरा, दोन फोन आणि चेहऱ्यावर कायमची सहानुभूती.

“काका, पेटी विरोधकांनी फोडली असं निवेदन माझ्याकडे तयार आहे,” ते म्हणाले. “पण कुलपं तिन्ही शाबूत आहेत, त्यामुळे ते जमत नाही. मग उरतं कोण? पालक. म्हणजे तुम्ही.”

“कुलपांच्या चाव्या माझ्याकडं नव्हत्या.”

“ते मला माहीत आहे. लोकांना कुठे माहीत आहे? पत्रकार बाहेर आहेत. वडापाव यायला अर्धा तास लागेल. तोवर दुसरं नाव मिळालं तर ठीक, नाहीतर टेन्शन घेऊ नका, आम्ही तुमच्याबद्दल आदरानेच बोलू.”

“अर्धा तास पुरे,” बर्गे म्हणाले.

पेटीला तीन कुलपं होती, कारण पक्षात तीन गट होते. एक चावी शहराध्यक्ष उदयसिंह यांच्याकडे. दुसरी माजी नगरसेवक गोटीराम यांच्याकडे. बापाने भात लावला त्या जमिनीवर यांनी सात मजले लावले होते. तिसरी महिला आघाडीच्या आणि टीव्हीवरच्या चर्चांच्या सुनीतीताईंकडे. तिघं तीन वर्षांत एका व्यासपीठावर बसले नव्हते. आजही मंचावर तीन कोपऱ्यांत तीन खुर्च्या होत्या. म्हणूनच तर लोक म्हणाले होते, तिघांच्या चाव्या तिघांकडे, यापेक्षा सुरक्षित तिजोरी नाही.

बर्ग्यांनी तिघांना एकेक करून बोलावलं.

“पेटी शुक्रवारी संध्याकाळी बंद केली. काल, शनिवारी, कुठं होता?”

“रबाळ्याला. कंपनीच्या गेटवर सभा होती,” उदयसिंह म्हणाले. “मामा, मी तुम्हाला सांगतो, हे गोटीरामचं काम आहे. तो माणूस सख्ख्या भावाची पायरी विकेल.”

“चावी?”

“गळ्यात. आंघोळीलासुद्धा काढत नाही.”

“त्या दोघांना शेवटचं कधी भेटला?”

“तीन वर्षं झाली. भेटायची वेळ आली तर मी रस्ता बदलतो.”

मग गोटीराम आले. बोटांत चार अंगठ्या, कपाळावर घाम.

“शनवारी? मी मोऱ्याला होतो, मावशीकडं. कोलंबी आणाला.”

“आज पेटी मंचावर न्यायला मी पुढं झालो, तेव्हा तुम्ही मला थांबवलंत.”

“तुमचं वय झालंय ना काका. कंबर धरली म्हंजी?”

“पाठीवर क्विंटल घेतलेल्या माणसाला पेटी झाली नसती?”

“मान दिला तुमाला. आमच्यात मान देतात.”

“सुनीतीताईंना कधी भेटला होता?”

“ती बाई माझ्या सावलीत उभी रात नाय, न् मी तिच्या.”

सुनीतीताई आल्या त्या बोलतच. शनिवारी त्या उलव्याला महिला मेळाव्यात होत्या, फोटो आहेत, हवे असतील तर आत्ता पाठवतात. त्या दोघांबरोबर? त्या दोघांबरोबर त्या स्वर्गातसुद्धा जाणार नाहीत.

“तो प्रश्न बहुतेक उद्भवणार नाही,” बर्गे म्हणाले.

रबाळे, मोरा, उलवे. तिघं एकाच दिवशी तीन दिशांना, एकमेकांपासून होता होईल तितके लांब. वजन तीनदा केलं आणि तिन्ही वेळा काटा तोळाभरही हलला नाही, तर मापाडी काटा तपासतो.

समाजमंदिराला लागूनच पक्षाचं कार्यालय होतं. तिथे झाडूपोछा करणाऱ्या मुक्ताबाई पायरीवर बसल्या होत्या. त्याही बर्ग्यांसारख्याच साताऱ्याकडच्या. कार्यालयाची एक चावी त्यांच्याकडे असे.

“मुक्ताबाई, शुक्रवारी सहा वाजता पेटी बंद केली तेव्हा मी ती उचलून पाहिली. पावणेबारा किलो भरली. रिकामी असताना साडेपाच होती. म्हणजे सव्वासहा किलो कागद शुक्रवारी आत होता.”

“काट्याबिगर सांगताय व्हय?”

“हाताला कळतं. तुम्ही कधी झाडलंत?”

“शनवारी सकाळी. मग अध्यक्षसायेब म्हणाले, आज हापिस बंद, जा घरी. आन् आज सकाळी आठला परत आले.”

“काही दिसलं?”

“काय दिसणार. तीन खुर्च्या मधी वढलेल्या, तीन कप खरकटे, धुतले. आन् टेबलावर तीन नारळ.” मुक्ताबाईंनी पिशवी पुढे केली. “कपाटातलेच हायेत, सत्काराचे. कुनी न्हेले न्हाईत, म्हनून म्या इचारनारच हुते, घिऊ का?”

बर्ग्यांनी नारळ हातात घेतले. तिन्ही अखंड. तिन्हींच्या शेंडीला कुंकू, बोटाला लागेल इतकं ताजं.

“आणि शाली? कपाटात शाली असतात ना?”

“सहा हुत्या. तीन हायेत.”

बर्ग्यांनी नारळ परत पिशवीत घातले. मग त्यांचं लक्ष कोपऱ्याकडे गेलं. तिथे जुन्या वर्तमानपत्रांचा गुडघाभर ढीग होता.

“ही रद्दी दर शनिवारी वडेवाला मिथुन नेतो ना?”

“न्हेतो की. गोटीरामसायबांनी लावून दिलंय, वडे बांधाय. काल बी न्हेली म्हनाला, गोणी भरून.” मुक्ताबाईंनी ढिगाकडे पाहिलं, मग बर्ग्यांकडे. “अगंबाई. पर ढीग तर तसाच हाय.”

बर्ग्यांनी नारळांची पिशवी उचलली. बाहेर तळणीचा वास सुटला होता. तो वास त्यांना आयुष्यभर आवडत आला होता. आज त्यांनी नाकाला रुमाल लावला.

मंचावर जाऊन त्यांनी तीन नारळ रिकाम्या पेटीशेजारी मांडले आणि माइक घेतला. राजवर्धन पुढे सरसावले, पण सभागृह गप्प झालं होतं आणि गप्प सभागृहाची पक्षाला सवय नव्हती. ते थांबले.

“मला एकच विचारायचंय,” बर्गे तिघांकडे वळून म्हणाले. “काल दुपारी कार्यालयात सत्कार झाला. पहिला नारळ कोणाला दिला?”

“मला,” उदयसिंह म्हणाले. शहराध्यक्ष होते ते. दुसरं उत्तर त्यांना ठाऊकच नव्हतं.

“तुम्हाला?” सुनीतीताई उभ्या राहिल्या. “आधी महिलांचा मान असं तुम्हीच म्हणालात आणि मला शाल शेवटी घातलीत. तीही डाग पडलेली.”

“डागाची मना दिली व्हती,” गोटीराम म्हणाले. “बोला, खोटं बोलतो का?”

मग तिघांच्याही लक्षात आलं. पण माइक चालू होता आणि शब्द सभागृहभर फिरून आले होते.

“बसा,” बर्गे म्हणाले. “आता मी सांगतो.

“शुक्रवारी पेटीत सव्वासहा किलो कागद होता. आज नाही. कुलूप एकही तुटलेलं नाही. तीन कुलपं उघडायला तीन चाव्या एका जागी लागतात. म्हणजे तिघं एका जागी होते. हे शाळेतल्या पोरालाही कळेल. मग आपल्याला का कळलं नाही? कारण ही तीन माणसं कुठल्याही कामासाठी एकत्र येतील यावर आपला विश्वास नव्हता. पाण्यासाठी आली नाहीत, रस्त्यासाठी आली नाहीत. त्यांच्याबद्दलचा आपला अविश्वास, तीच त्यांची ढाल.

“पेटीच्या फटीतून पत्र टाकता येतं, वाचता येत नाही. आत काय आहे या भीतीनं तिघांची झोप गेली. शनिवारी कार्यालय बंद ठेवलं, मुक्ताबाईंना घरी पाठवलं, खुर्च्या मध्ये ओढल्या, पत्रं वाचली. आणि तिघांना कळलं की लोकांनी तिघांना सारख्याच शिव्या दिल्यात. तीन वर्षांत पक्षात झालेलं हे पहिलं एकमत.

“इथवर कुणाला पत्ता लागला नसता. पण या लोकांना एक खोड आहे. चार माणसं बसली की सत्कार झालाच पाहिजे. चोरी करायला बसले तरी. तीन नारळ, तीन शाली आणि कप तीनच. म्हणजे सत्कार घेणारे तीन आणि देणारेही तेच तीन. शाल घरी न्यायची आणि नारळ टेबलावर सोडायचा, हीही पुढाऱ्याची रीत. नारळ सोलावा लागतो ना. आज मला पेटी उचलू दिली नाही, तो मान नव्हता. माझ्या हाताला वजन कळलं असतं.”

“पुरावा काय?” राजवर्धन म्हणाले. त्यांचा आवाज प्रथमच निरीक्षकाचा वाटला. “पत्रं कुठे आहेत?”

“पुढारी सव्वासहा किलो स्वतः उचलत नाही. राख कुठं दिसत नाही. काल मिथुननं कार्यालयातून गोणी नेली, आणि वर्तमानपत्रांचा ढीग जागेवर आहे.” बर्गे दाराकडे वळले. “मिथुन, आण बाबा.”

मिथुन दोन मोठी तबकं घेऊन दारात उभा होता. “गोटीरामसायेब बोलले रद्दी हाय,” तो म्हणाला. “मी काय वाचत बसतो का? कागद जाड व्हता, म्हनून घेतला.”

वरचा कपडा काढला. पांढऱ्या, वहीच्या, लेटरहेडच्या कागदांत बांधलेले तीनशे वडापाव. तेल सुटून शाई हिरवट झालेली.

पुढच्या रांगेतल्या माणसाने एक उचलला, कागद उलगडला आणि वाचला. पत्र त्याचं नव्हतं.

“ज्याला त्याला आपलंच मिळेल असं नाही,” बर्गे म्हणाले. “बदलून घ्या.”

“सेक्टर अठराचं पाणी कुणाचं?”

“बसथांबा, बसथांबा इथे.”

“माझं अर्धंच आहे, उरलेलं कुणाकडे गेलं बघा जरा.”

वडे खुर्च्यांवर राहिले. कुणी खाल्ला नाही. राजवर्धन फोनवर कुणाला तरी नवं निवेदन सांगत होते, त्यात ‘तिन्ही नेत्यांनी दाखवलेली एकजूट’ असे शब्द होते. जाताना त्यांनी कपाटातली चौथी शाल मागवली आणि बर्ग्यांच्या खांद्यावर टाकायला हात उचलला. बर्ग्यांनी नुसतं पाहिलं. शाल घडी होऊन परत गेली.

शेवटच्या तबकातून बर्ग्यांनी एक वडापाव उचलला. वरचं अक्षर त्यांचं स्वतःचं होतं. वडा बाजूला ठेवून त्यांनी कागद धोतराच्या सोग्याने पुसला. पुतळा जवळ येऊन उभी राहिली.

“वाच,” ती म्हणाली. “त्यांच्या तोंडावर वाच.”

तिघं पुढारी अजून मंचावर होते. लोकांनी दार सोडलं नव्हतं. बर्ग्यांनी माइक ओढला.

“‘मी पुतळा. माझ्या घरामागचं गटार तुमच्या पक्षाने बांधलं. त्याचा उतार माझ्या दाराकडं हाय. चार वर्षं तुमची घाण माझ्या चुलीपाशी येते. गटाराला तीन पाट्या हायेत. एक उदयसिंह, एक गोटीराम, एक सुनीती. तिघांनी येगयेगळं उद्घाटन केलं. तीन येळा नारळ फुटला, पानी उलट...’”

बर्गे थांबले. पुढचं वाचता येत नव्हतं. तिथे चटणी पडली होती.

त्यांनी पुतळाकडे पाहिलं. तिने माइक त्यांच्या हातातून घेतला. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण उरलेलं पत्र तिला पाठ होतं. चार वर्षं ती तेच सांगत होती.