चार करड्या शाया

प्रिंटर एवढा मोठा, की तो आणायचा म्हणजे सोफा घराबाहेर काढायचा. लेकीने व्हिडिओ कॉलवर डोक्याला हात लावला. "बाबा, आईचा फोटो मोबाईलवर बघा की!"

मोबाईलवर म्हणे! जन्मभर फोटो स्टुडिओ चालवला मी. गावभरच्या लोकांना 'जरा हसा' म्हणालो, आणि स्वतःच्या बायकोचा धड फोटो नाही. कॅमेरा दिसला की ती तोंड फिरवायची. ती गेल्यावर सगळं घर उलटंपालटं केलं तेव्हा एकच सापडला, कृष्णधवल. आमच्याच स्वयंपाकघराच्या दारात उभी, सरळ माझ्याकडे बघतेय. पण उजेड पाठीमागचा, त्यामुळे डोळे सावलीत बुडालेले. फोटो तिच्या उंचीएवढा छापून मला ते डोळे बघायचे होते. दुसरं काही नको होतं. घर नुसतं खायला उठत होतं.

प्रिंटरच्या दुकानातल्या मुलीने एकच फाईल दोन यंत्रांवर छापून दाखवली. पहिल्यात काळी शाई एकच. चेहऱ्याच्या जागी नुसतं डांबर. दुसऱ्यात काळ्याच्या जोडीला चार करड्या शाया. कागद सावकाश बाहेर आला. जिवणीजवळची सुरकुती दिसली, गालावरचा तीळ दिसला. मला भरून आलं.

"काका, फाईल तीच होती ना?" मुलीने विचारलं.

"तीच. का गं?"

"ह्यात काकू दाराच्या अलीकडे आहेत."

दोन्ही कागद शेजारी ठेवले. पहिल्यात ती चौकटीत. दुसऱ्यात एक पाऊल खोलीत. मी पट्टी लावून बघितली. चौकट तेवढीच, फरशीही तेवढीच.

"मार्जिनचा घोळ असेल," मी म्हणालो. मुलीने दोन्ही कागद पालथे घातले. डोळे मात्र दुसऱ्या कागदावरही काळेच होते. दुसरं यंत्र मी तिथल्या तिथे पक्कं केलं.

सोफ्याच्या जागी, भिंतीला लागून तो प्रिंटर बसवला. त्याच्यासमोर उभं राहिलं की स्वयंपाकघराचं दार पाठीमागे येतं. भर दुपारी कागदाचा रोल लावला.

संगणकाच्या पडद्यावर ती दारातच होती. कागदावर जेवायच्या टेबलापाशी आली. एक हात खुर्चीवर.

शाई बदलली, सेटिंग बदललं, पुन्हा छापला. शेवटी यंत्रच ते, त्याला काय कळतंय!

ह्या वेळी चेहरा अख्ख्या कागदभर आला. डोळे उघडे, स्वच्छ. पण माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या मागे उभं राहून खांद्यावरून बघावं, तसे खाली प्रिंटरकडे बघत होते.

पुन्हा छापला.

कागदावर एक म्हातारा आला. पाठमोरा, प्रिंटरवर वाकलेला. स्वेटर मानेखाली उसवलेला.

मी मानेखाली चाचपलं. बोट आत गेलं.

भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण मागे वळलो नाही. वळलो आणि तिथे कोणीच नसलं तर?

पुन्हा बटण दाबलं. कागद हळूहळू सरकत बाहेर आला. त्यावर आता फक्त ती उसवण होती, आणि उसवणीकडे आलेली तिची दोन बोटं, सुटलेला धागा चिमटीत धरलेली.