न वाढलेल्या पेशी

“मी आकडे रचले, असं माझ्या गाईडनी, सोमशेखर सरांनी लिहून दिलंय. सोमवारी समिती बसणार, माझी पीएच.डी. रद्द होणार.” सुष्मिता रागानं म्हणाली.

खाजगी गुप्तहेर क्रांती चौगुले ऐकत होती. तिचे सहकारी, निवृत्त हवालदार आकाराम, वहीत टिपत होते. सुष्मिता कोल्हापूरच्या एका संशोधन संस्थेत गॅमा डेल्टा टी पेशींवर काम करत होती.

“म्हंजे काय?” आकारामांनी विचारलं.

“रक्षक पेशी, मामा. बाकीच्या टी पेशींना शत्रूचा तुकडा कुणीतरी दाखवावा लागतो. या गॅमा डेल्टा पेशी मात्र आजारी पेशीवरची खूण स्वतःच ओळखून तुटून पडतात. हाडांच्या एका औषधानं माणसाच्या रक्तात त्या भराभर वाढतात. माझ्या वाढल्या. सरांनी आमच्याच प्रयोगशाळेतल्या महांतेशकडून तोच प्रयोग करवला, तर एकही वाढली नाही.”

“सरांशी काही बिनसलं होतं?” क्रांतीनं विचारलं.

“माझ्या शोधनिबंधावर त्यांच्या मुलीचं नाव पहिलं हवं होतं. मी नकार दिला.”

आकारामांचा संशय महांतेशवर बसला. तो मात्र सरळ बोलला.

“सरांनी पेशी वेगळ्या करूनच दिल्या. नळीवर ‘निरोगी माणूस’ लिहिलेलं. शेवटी मानवी टी पेशींना चिकटणारा रंग घातला, तो एकाही पेशीला चिकटला नाही. रंग शिळा झालाय, म्हणाले. पण त्याच दिवशी माझ्या रक्तावर तो नीट चालला होता. उरलेल्या पेशी मी गोठवून ठेवल्यात.”

प्रयोगाचे उंदीर सांभाळणारा प्राणिगृहातला गुंडू म्हणाला, “पावणं, त्या आठवड्यात सर सोता चार उंदीर घेऊन गेलते. एरवी हितं पाऊल टाकत न्हाईत.”

डॉ. सोमशेखर खेकसले, “रक्त मी स्वतः काढलं. पोरगी खोटारडी आहे.”

“रक्त देणाऱ्या दात्यांची संमतीपत्रं?” क्रांतीनं विचारलं.

“गहाळ झाली.”

सोमवारी क्रांती समितीपुढे उभी राहिली.

“दाता कुणी नव्हताच. रंग चांगला असून चिकटला नाही, कारण नळीतल्या पेशी माणसाच्या नव्हत्या. सरांनी नेलेल्या उंदरांच्या होत्या. उंदरातही गॅमा डेल्टा पेशी असतात, पण या औषधानं वाढणारा प्रकार त्यांच्यात नसतो. सरांना हे पक्कं ठाऊक होतं. महांतेशलाही त्यांनी फसवलं. गोठवलेल्या पेशी तपासा.”

दोन दिवसांनी समितीपुढे अहवाल आला. पेशी उंदराच्याच निघाल्या.

“पोरीच्या भविष्यासाठी केलं,” सोमशेखर पुटपुटले. “समजून घ्या.”

सुष्मिता उठली. “माझ्या आईनं गडहिंग्लजला दुसऱ्याच्या रानात भांगलण करून मला शिकवलं. मी कुणाचीच पोरगी न्हाय व्हय, सर?”

अध्यक्षांनी कागद पुढं ओढला आणि सोमशेखर यांच्या निलंबनाची शिफारस लिहायला घेतली.