अकरा पन्नासची चिठ्ठी

अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. येडशीकडच्या वस्त्यांना टँकरनं पाणी पोचवायचं काम सहकारी संस्थेकडं होतं, आणि फेरीची चिठ्ठी संस्थेतला नवा कॉम्प्युटर छापायचा. चिठ्ठी दुहेरी निघायची; ड्रायव्हरच्या सही-अंगठ्याची खालची कार्बनची प्रत दाखवल्याबिगर फाटक उघडत नसे. ऊन मरणाचं, म्हणून महेबूब ऑपरेटरनं प्रोग्राममध्ये अट घातली होती : बारा ते चार चिठ्ठी निघणार नाही. पण लाइट गेली की मशीन वेळ विसरायचं. परत चालू झालं की विचारायचं, किती वाजले? महेबूब भिंतीवरचं घड्याळ बघून वेळ टाकायचा. मशीनला काय, माणूस सांगंल ती वेळ खरी!

तिथंच घात झाला. पंधरा दिवसांमागं कोंडिबा ड्रायव्हर पावणेएकला खिडकीशी आला.

"भाई, वस्तीवर लेकरं पाण्यावाचून तळमळत्यात. मशीनला सांगा की, अजून बारा वाजायचेत."

महेबूबला दया आली. त्यानं मशीन बंद करून चालू केलं आणि ११:५० टाकले. कोंडिबानं चिठ्ठीवर अंगठा उठवला अन् हसत गेला. घाटाच्या तोंडाशी टँकर उभा सापडला. इंजिन चालूच, कोंडिबा ऊन लागून, स्टेअरिंगवर डोकं टेकून गेलेला.

ही गोष्ट महेबूबनं कुणाला सांगितली नव्हती. आता त्याच टँकरवर कोंडिबाचा धाकटा भाऊ बिरदेव होता. निदान याला तरी जपायचं, एवढंच महेबूबनं मनाशी धरलं होतं.

त्या दुपारी पावणेएकला लाइट गेली. पंखा थांबला. आवारात चिटपाखरू नव्हतं. खोलीत डिझेलचा वास आला, मग ओल्या मातीचा. जरा वेळानं लाइट आली. महेबूबनं घड्याळाकडं बघितलं आणि मान वळवतो तो काय, पडद्यावर वेळ आधीच टाकलेली.

११:५०.

प्रिंटर करकरला. चिठ्ठी बाहेर आली. चालक : बिरदेव.

"या अल्ला..." महेबूबनं चिठ्ठी प्रिंटरवरून फाडून घेतली अन् मुठीत दाबली.

दारात बिरदेव उभा होता. नजर कुठंतरी लांब.

"चिठ्ठी द्या, भाई. दादा गाडीत बसलाय... लई घाई करतुया."

"बिरदेव, बस आधी. पाणी पी. चारपत्तूर कुठं जायाचं न्हाय!" महेबूबचा आवाज फाटला. त्यानं माठातून तांब्या भरला. वळला तर दार रिकामं. बाहेर टँकरचा आवाज लांब लांब जात होता.

तो अनवाणीच फाटकाकडं धावला. वॉचमन महांतप्पा फाटक लावत होता.

"का सोडलं त्याला? चिठ्ठी माझ्याकडं हाय!"

"ही काय चिठ्ठी," महांतप्पानं कार्बनची प्रत पुढं केली. "दोघं व्हते की गाडीत. दुसरा कोण ते उन्हात दिसलं न्हाय..."

महेबूबनं मूठ उघडली. त्यात नुसता वरचा कागद होता.

त्यानं महांतप्पाच्या हातातली प्रत घेतली. सहीच्या जागी अंगठा होता, शाई अजून ओली.

बिरदेव सातवी शिकलेला. तो सही करायचा.